गाठीचा स्वभाव आम्हालाही कळू द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, पालघर
मा. आयुक्त, वसई-विरार शहर महानगरपालिका
प्रत माहितीसाठी : राज्य आरोग्य हमी सोसायटी, टाटा स्मारक केंद्र, परळ व खारघर

विषय : तोंड, जीभ, घसा व मानेच्या कर्करोगात गाठ किती आक्रमक आहे याची तपासणी, त्यासाठीचे नमुने आणि खर्च यांबाबत मागण्या.

महोदय,

आम्ही विरार, नालासोपारा, आगाशी, अर्नाळा आणि आसपासच्या गावांतले तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. आमच्यात रिक्षावाले आहेत, अर्नाळ्याच्या बोटींवर जाणारे आहेत, गाळ्यांमध्ये मशीनवर बसणारे आहेत, मशेरी लावणाऱ्या आया-आज्या आहेत, आणि जन्मात तंबाखूला हात न लावलेलेही आहेत. या पत्रात आम्ही रुग्णालय मागत नाही. ते मागून झाले आहे, पुन्हाही मागू, पण वेगळ्या पत्रात. इथे एकाच प्रश्नापुरते बोलायचे आहे. एकाच मापाची गाठ एकाला वर्षाच्या आत संपवते आणि दुसरा दहा वर्षांनी नातवाला शाळेत सोडायला जातो. हे कशाने ठरते? त्यातले जेवढे आज कळू शकते, तेवढे तरी विरारच्या माणसाला का कळत नाही?

आधी तंबाखूचे बोलून घेतो, कारण त्याशिवाय आमचे कोणी ऐकत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात असे आढळले आणि त्यातले बहुतेक ओढणारे नव्हे, खाणारे होते. जागतिक कर्करोग नोंदींच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होतात. गुटखाबंदी राज्यात जुलै २०१२ मध्ये आली. तिला एक तप उलटून गेले. विरार फाट्यापासून स्टेशनपर्यंतच्या टपऱ्यांवर पुडी मिळते की नाही, हे आम्ही सांगण्यापेक्षा अन्न व औषध प्रशासनाने साध्या कपड्यांत येऊन पाहावे. सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तिला कर्करोगकारक ठरवले. नुसती सुपारी चघळून तोंड दोन बोटेही उघडेनासे झालेली पोरे आमच्या भागात आहेत.

हे सगळे मान्य. पण “तंबाखू खाल्लीत, आता भोगा” एवढ्यावर विषय संपवला जातो, तिथे आमचा आक्षेप आहे. गालात तीस वर्षे बार धरणाऱ्या सगळ्यांना कर्करोग होत नाही. ज्यांना होतो त्या सगळ्यांचा सारखा वागत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींत जनुकांचा हात आहे. आम्हाला हे ओपीडीच्या बाकड्यावर बसून, डॉक्टरांना दहा वेळा विचारून कळले. ते इथे मांडतो, म्हणजे मागण्या हवेत राहणार नाहीत.

पहिली गोष्ट जन्मजात जनुकीय फरकांची. तंबाखूतले विष शरीर किती लवकर निकामी करते, पेशीतला बिघाड किती नीट दुरुस्त करते, हे माणसागणिक बदलते. विष निकामी करणारे जीएसटीएम १ हे जनुक काहींच्या अंगात जन्मापासूनच नसते. अशांना तोंडाच्या कर्करोगाची जोखीम थोडी जास्त असल्याचे भारतीय अभ्यासांतही दिसले आहे. टाटा स्मारक केंद्राच्या साथरोगशास्त्र विभागातील अभ्यासकांनी गालाच्या आतल्या कर्करोगाचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांचे जनुकीय नमुने ताडून पाहिले. जनुकीय जोखीम जास्त असलेल्या तंबाखू खाणाऱ्यांना हा आजार साधारण दहा वर्षे लवकर गाठतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दहा वर्षे म्हणजे मुलीचे शिक्षण आणि घराचे हप्ते.

दुसरी गोष्ट गाठीतल्या बदलांची. हे बदल जन्माने येत नाहीत, मुलांकडे जात नाहीत. ते त्या गाठीतच घडतात आणि तिचा स्वभाव ठरवतात. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुक प्रकल्पाच्या भारतीय गटाने हिरड्या व गालाच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि टाटा स्मारक केंद्राची खारघरची संशोधन संस्था ॲक्ट्रेक या दोघांचे ते काम. आधी ५० आणि मग पडताळणीसाठी आणखी ६० रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. टीपी ५३, फॅट १, कॅस्प ८, एचआरएएस, नॉच १ ही जनुके तर बिघडलेली सापडलीच, पण यूएसपी ९ एक्स आणि एआरआयडी २ यांसारखी या आजारात आधी न ओळखलेली नावेही पुढे आली. म्हणजे आमच्या गालातल्या गाठींचा अभ्यास जगाला उपयोगी पडला आणि तोही खाडीपलीकडच्या खारघरात झाला. विरारहून खारघर नकाशावर जवळ दिसते. वसई रोड-दिवा-पनवेल मार्गावरच्या मोजक्या मेमूंपैकी एक चुकली की मग कळते किती लांब आहे ते.

टीपी ५३ विषयी दोन शब्द जास्त, कारण प्रयोगशाळांच्या जाहिरातींत हेच नाव सर्वांत मोठ्या अक्षरात असते. हे जनुक म्हणजे पेशीचा राखणदार. बिघडलेल्या पेशीला वाढू न देणे हे त्याचे काम. काही बदलांत हा राखणदार जरा ढिला पडतो, काहींत तो जागेवरच राहत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत ४२० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दुसऱ्या प्रकारचे बदल असलेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर कमी जगले. पण तंबाखूने होणाऱ्या डोके-मानेच्या बहुसंख्य गाठींत टीपी ५३ मध्ये काही ना काही बदल असतोच. मग “टीपी ५३ पॉझिटिव्ह” असा शिक्का मारलेला कागद हातात देऊन रुग्णाला काय कळले? घबराट मात्र झाली. कोणता बदल आणि त्याने आजच्या उपचारात काय फरक पडतो, हे सांगणारा कोणी नसेल तर तो अहवाल वीसपंचवीस हजारांची पावती आहे, दुसरे काही नाही.

म्हणूनच आम्ही “सर्वांना जनुक-चाचणी मोफत द्या” अशी मागणी करत नाही. आमच्याच बैठकीत यावर वाद झाला. काही तरुण सभासदांना तीच मागणी पहिली हवी होती. पण तोंडाच्या कर्करोगावर पहिली शस्त्रक्रिया करायची की नाही आणि किती करायची, हे आज कोणत्याही जनुकाच्या अहवालावरून ठरत नाही. जे ठरवायला मदत करते तेही आम्हाला मिळत नाही, ही खरी तक्रार आहे.

गाठ पसरणार का हे आधी कळणे किती महत्त्वाचे, ते परळच्या टाटा रुग्णालयातल्याच एका चाचणीवरून सांगतो. जीभ किंवा गालाची गाठ लहान असते, मानेत हाताला काही लागत नाही. अशा वेळी मानेतल्या लसिकाग्रंथी आधीच काढाव्यात की पुढे गाठ दिसल्यावर काढाव्यात, हा वाद जगभर पन्नासेक वर्षे चालला होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध करून तो जवळजवळ मिटवला. आधी काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. मानेची शस्त्रक्रिया आधीच करावी, हे त्यातून ठरले. पण ज्यांची मान आधी उघडली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या ग्रंथींत कर्करोग सापडलाच नव्हता. कोणाची गाठ पसरणार हे आधी सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांचीच मान उघडावी लागते. खांदा आखडलेला, हात वर न जाणारा, रॅकवर पिशवी ठेवू न शकणारा माणूस लोकलमध्ये दिसला तर तो बहुधा आमच्यापैकी असतो.

गाठ पसरणार की नाही हे आधी ओळखता यावे म्हणून ॲक्ट्रेकमध्ये जिभेच्या लहान गाठींवर काम झाले आहे. तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांच्या अशा गाठींत एमएमपी १० हे जनुक जास्त सक्रिय असेल तर मानेत पसरण्याची शक्यता ओळखता येईल का, याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हे अजून संशोधन आहे, रोजची तपासणी नव्हे. पण ते पुढे जायचे तर नमुने हवेत, तेही आमच्यासारख्यांचे. आणि नमुन्यांची आमच्याकडे काय दशा आहे, ते पहिल्या मागणीत सांगतो.

मागणी १ : ब्लॉक रुग्णाचा आहे.

तोंडातला तुकडा काढला की तो प्लास्टिकच्या डबीत, १० टक्के फॉर्मलिनमध्ये टाकायचा असतो. द्रव तुकड्याच्या किमान दहापट हवा. त्यात तो साधारण ६ तासांहून कमी आणि ७२ तासांहून जास्त राहू नये. मग तो मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात, तोच ब्लॉक. अंगठ्याएवढी प्लास्टिकची जाळी, तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेला नंबर आणि मेणात तांदळाच्या दाण्याएवढा करडा तुकडा. रुग्णाच्या आजाराची सगळी साक्ष त्यात असते. दहा वर्षांनी नवी चाचणी निघाली तरी ती याच ठोकळ्यावर करता येते.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. आमच्या एका सभासदाचा तुकडा एका नर्सिंग होममध्ये सलाइनच्या बाटलीत टाकून नातेवाइकाच्या हाती दिला गेला. शनिवारी दुपारी दिलेला तुकडा सोमवारी प्रयोगशाळेत पोहोचला. पेशी विरघळल्या होत्या, पुन्हा तुकडा काढावा लागला. दुसऱ्या एकाला परळला नोंदणीच्या वेळी “ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या” असे सांगितले गेले. इथल्या प्रयोगशाळेने अहवालाचा कागद दिला, ब्लॉक मात्र “आम्ही देत नाही” म्हणून ठेवून घेतला. त्यात तीन आठवडे गेले. जिभेच्या गाठीला तीन आठवडे म्हणजे काय, हे आम्ही कुणाला समजावत बसणार नाही.

आमचे म्हणणे असे की महापालिका हद्दीतील प्रत्येक नर्सिंग होम व दंत दवाखान्यात फॉर्मलिनची भरलेली डबी असलीच पाहिजे. तुकडा काढल्याची वेळ डबीवर लिहावी. लेखी अर्ज केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत ब्लॉक व स्लाइड पावतीवर रुग्णाला द्याव्यात. रुग्णाने नेल्या नाहीत तर किमान दहा वर्षे सांभाळाव्यात आणि बंद पडणाऱ्या प्रयोगशाळेने त्या रद्दीत न घालता रुग्णांना कळवावे. नर्सिंग होमच्या नोंदणीचे नूतनीकरण महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे होते. त्या वेळी ही डबी दाखवा म्हणायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

मागणी २ : अहवाल पूर्ण लिहा.

जनुकांच्याही आधी गाठीचा स्वभाव सूक्ष्मदर्शकाखाली बराच दिसतो आणि तो पाहायला वेगळे पैसे लागत नाहीत. गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे, मज्जातंतूच्या कडेने सरकली आहे का, रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरली आहे का, कडेचा मोकळा भाग किती मिलिमीटर आहे, मानेतल्या किती ग्रंथी तपासल्या, किती बाधित निघाल्या, ग्रंथीचे वेष्टण फोडून आजार बाहेर आला आहे का. जानेवारी २०१८ पासून लागू असलेल्या स्टेजिंगच्या आठव्या आवृत्तीत खोली आणि वेष्टण फुटणे या दोन्ही बाबी स्टेज ठरवण्यात धरल्या जातात. तरी आमच्या फायलींत “मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा” एवढीच एक ओळ असलेले शस्त्रक्रियेनंतरचे अहवाल आहेत. अशा अहवालावर शेक (रेडिएशन) द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवणार कसे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचे पैसे रुग्णालयाला देताना हा पूर्ण तक्ता भरलेला अहवाल जोडणे सक्तीचे करा. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडची मार्गदर्शक तत्त्वे तयार आहेत, नवे काही लिहायला नको.

मागणी ३ : टॉन्सिल, जिभेचे मूळ व घशाच्या गाठीत पी १६ ही तपासणी योजनेत धरा. एचपीव्ही विषाणूमुळे झालेली घशाची गाठ तंबाखूच्या गाठीपेक्षा उपचारांना बरीच चांगली दाद देते आणि तिची स्टेजही वेगळी मोजतात. ही महागडी जनुक-चाचणी नव्हे, त्याच ब्लॉकच्या एका कापावर होणारी रंगतपासणी आहे. ती खिशातून करायला लावू नका.

मागणी ४ : जनुक-चाचणी विकण्याला लगाम घाला, संशोधनाला दार उघडा.

विरार-नालासोपाऱ्यात गल्लोगल्ली रक्त घेणारी केंद्रे आहेत. त्यांच्यामार्फत मोठ्या कंपन्यांचे जनुक-पॅनेल विकले जातात. कोणी सांगतो केमो लागू पडेल का ते कळेल, कोणी सांगतो मुलांना होणार का ते कळेल. घाबरलेल्या घरात कोणीही पैसे काढतो. मंगळसूत्र मोडून केलेला असा अहवाल आम्ही पाहिला आहे. त्यात शेवटी इंग्रजीत एक वाक्य होते, की आढळलेल्या बदलांवर सध्या मान्यताप्राप्त औषध उपलब्ध नाही.

आजार उलटल्यावर किंवा पसरल्यावर काही चाचण्या उपयोगी ठरू शकतात, हे आम्ही नाकारत नाही. एचआरएएसमधील बदलांवरच्या टिपिफार्निब या औषधाचे सुरुवातीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आमच्याकडच्या गालाच्या गाठींत हे बदल सापडलेच आहेत. म्हणून आमची अट साधी आहे : अशी कोणतीही चाचणी लिहून देताना “या अहवालाने माझ्या उपचारात काय बदलू शकते” याचे उत्तर डॉक्टरांनी मराठीत, सहीनिशी, पैसे घेण्यापूर्वी द्यावे. उत्तर “काही नाही” असेल तर ती चाचणी संशोधन आहे आणि संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो.

एका जन्मजात बदलाची चाचणी मात्र आजच उपयोगी आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ५-फ्लुरोयुरासिल हे केमोचे जुने, स्वस्त औषध तोंड-घशाच्या कर्करोगातही दिले जाते. डीपीवायडी जनुकात विशिष्ट बदल असलेल्या माणसाच्या शरीरात ते नीट मोडले जात नाही. जुलाब, तोंडभर फोड, पांढऱ्या पेशी कोसळणे आणि क्वचित मृत्यू. युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये हे औषध देण्यापूर्वी ही तपासणी करण्याची शिफारस केली. ज्यांना हे औषध देणार त्यांच्यापुरती ही तपासणी योजनेच्या केमो पॅकेजमध्ये घाला. युरोपात पाहतात ते ठरावीक बदल आपल्या लोकांत तितकेच आढळतील असे नाही, त्यामुळे इथल्या रुग्णांवर अभ्यासही हवा.

आणि अभ्यासासाठी आम्ही तयार आहोत. मेणाच्या ब्लॉकला बर्फ लागत नाही, तो साध्या पाकिटातून जातो. नाकात नळी घातलेल्या माणसाला विरार फास्टमध्ये चढवून परळला नेण्यापेक्षा त्याचा ब्लॉक नेणे कितीतरी सोपे. महापालिकेच्या एका रुग्णालयात, तुळींज किंवा वसईच्या सर डी. एम. पेटिट रुग्णालयात, आठवड्यातून एक दिवस ब्लॉक व स्लाइड जमा करण्याची खिडकी उघडावी. तिथून ते परळ किंवा खारघरला तपासणीसाठी जावेत आणि तज्ज्ञांचे मत फोनवर, कागदावर परत यावे. रुग्णाने एकदाच जायचे, तेही उपचाराला.

मागणी ५ : संमती, गुप्तता, विमा.

आमच्या गाठीचा तुकडा संशोधनाला हवा असेल तर मागा, आम्ही देऊ. पण संमतीपत्र मराठीत हवे, वाडा-विक्रमगडकडून येणाऱ्या वारली-कातकरी रुग्णांना ते त्यांच्या बोलीत वाचून दाखवायला हवे आणि नकार दिला म्हणून उपचारात फरक पडणार नाही हे त्यात ठळक लिहिलेले हवे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. जनुकीय माहिती मालकाला, शेजाऱ्याला, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना कळता कामा नये. गाठीतला बदल वारशाने जात नाही हे न समजल्यामुळे ठरलेले लग्न मोडल्याचे आमच्या डोळ्यांसमोर घडले आहे. विमा नियामक प्राधिकरणाने मार्च २०१८ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, जनुकीय विकाराच्या कारणाने दावे नाकारू नयेत असे विमा कंपन्यांना कळवले होते. या बाबतीतल्या तक्रारी नोंदवायला जिल्हाधिकारी कार्यालयात एक माणूस नेमा.

मागणी ६ : ज्यांनी तंबाखू कधी खाल्ली नाही आणि चाळिशीच्या आत हा आजार झाला, किंवा एकाच घरात अनेकांना कर्करोग झाला, त्यांना टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग जनुकशास्त्र विभागाकडे पाठवण्याची सोय महापालिकेच्या डॉक्टरांनी करावी. फॅन्कोनी ॲनिमियासारख्या दुर्मीळ जन्मजात आजारात तोंडाचा कर्करोग लहान वयात होतो आणि केमो-शेक सहन होत नाही. ते आधी कळले नाही तर उपचारच जीव घेतात.

मागणी ७ : औषध.

गाठ आक्रमक आहे हे कळून पुढे काही मिळणार नसेल तर कळण्याचा उपयोग काय, असे आमच्यातले काही जण विचारतात. तेव्हा हेही लिहितो. टाटा रुग्णालयात डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या किंवा उलटलेल्या डोके-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, गोळ्यांच्या केमोसोबत देऊन पाहिले. १५१ रुग्णांच्या या चाचणीत एक वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हे काम परळचे, आणि ते झाले आमच्याच ऐपतीचा विचार करून. ते औषध, त्या मात्रेत, योजनेत घाला. या योजनेचे कवच आता कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत आणि रेशनकार्डाचा रंग न पाहता सर्वांना आहे, असे शासनच सांगते. मग यादीत औषध नाही म्हणून रुग्णाला परत पाठवू नका.

मागणी ८ : शेक घेताना आठवड्यातून पाच दिवस, सहा ते साडेसहा आठवडे जावे लागते. उपनगरी गाडीतला दिव्यांगांचा डबा कर्करोगाच्या रुग्णांनाही खुला आहे, हे विरारच्या गर्दीला माहीत नाही आणि कधी कधी पोलिसांनाही नाही. फलाटावर मराठी-हिंदीत ठळक फलक लावावेत, यासाठी महापालिकेने पश्चिम रेल्वेला लेखी कळवावे. शेक देणारे यंत्र पालघर जिल्ह्यात कधी येईल त्याची तारीखही जाहीर करावी.

मागणी ९ : तोंड बघा.

सर्वांत स्वस्त मागणी शेवटी ठेवली, कारण ती सर्वांत जास्त जीव वाचवणारी आहे आणि तिला जनुक लागत नाही, टॉर्च लागते. तिरुवनंतपुरमला झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसते तोंड तपासून तंबाखू-दारू घेणाऱ्यांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी केले. तीस वर्षांवरील सर्वांचे तोंड तपासावे असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आशाताई जोखीम-तपासणीचा सीबॅक नावाचा अर्जही भरतात. पण अर्जावर “तोंडात चट्टा : नाही” अशी खूण बहुतेक वेळा तोंड न उघडताच होते. दोष आशाताईंचा नाही. त्यांना टॉर्च, हातमोजे, प्रशिक्षण आणि चट्टा सापडला तर पाठवायला जागा द्या. अर्नाळ्याच्या बंदरावर, चंदनसार-मनवेलपाड्यातल्या गाळ्यांवर, विरार स्टेशनबाहेरच्या रिक्षातळावर महिन्यातून एकदा तोंड-तपासणी ठेवा. महापालिकेचे दंतवैद्य त्यासाठी पुरतील. लहान गाठीचा स्वभाव ओळखायचा तर ती लहान असताना सापडली पाहिजे.

वरील मागण्यांपैकी १, ८ आणि ९ यांना महापालिकेच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या पातळीवर लगेच सुरुवात करता येईल. २, ३, ४ आणि ७ साठी राज्य आरोग्य हमी सोसायटीने नियमांत व यादीत बदल करावा. या पत्राला ४५ दिवसांत मुद्देनिहाय लेखी उत्तर मिळावे. “आपले निवेदन प्राप्त झाले, योग्य ती कार्यवाही करण्यात येईल” हे उत्तर आम्ही उत्तर म्हणून धरणार नाही, आणि मुदतीनंतर महापालिका मुख्यालयासमोर आमच्या फायली घेऊन बसू.

उत्तराची वाट न पाहता विरार परिसरातल्या प्रत्येक घराला आमचे सांगणे आहे : तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल-पांढरा चट्टा किंवा मानेत गाठ असेल तर आजच दाखवा. तुकडा काढला तर तो फॉर्मलिनमध्येच टाकला का ते विचारा, ब्लॉकची पावती घ्या आणि ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

आपले,
तोंड व घशाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि नातेवाईक,
विरार व परिसर, जि. पालघर